नोंदवहीतला ‘तो’ आणि कवितेतला ‘तो’ : फ्रॅन्सिस मॅकनमाराच्या चरित्रसाधनांची चिकित्सा

१

ज्या माणसाने स्वतःचे चरित्र लिहिले नाही, ज्याच्याविषयी समकालीनांनी आस्थेने काही टिपून ठेवले नाही, आणि ज्याच्या हालचालींची दखल मुख्यतः त्याला शिक्षा करणाऱ्यांनीच घेतली, अशा माणसाचे चरित्र कोणत्या साधनांवर उभे करावयाचे? इंग्लंडने एकोणिसाव्या शतकात समुद्रापार हद्दपार केलेल्या आयरिश कैद्यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत सुमारे १,६२,००० स्त्रीपुरुष कैदी ऑस्ट्रेलियात नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे ४०,००० थेट आयर्लंडच्या बंदरांतून निघालेले होते. त्यांतील बहुसंख्यांची अपराधी म्हणून ओळख आज तपशीलवार उपलब्ध आहे. माणूस म्हणून ओळख मात्र जवळजवळ पुसली गेली आहे.

याला अपवाद आहेत, पण ते एका विशिष्ट वर्गातील आहेत. १८४८ साली राजद्रोहाच्या आरोपावरून चौदा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झालेला जॉन मिचेल हा वकील आणि वृत्तपत्रकार होता. बर्म्युडा, केप आणि व्हॅन डीमेन्स लँड असा त्याचा बंदिवासाचा प्रवास झाला; १८५३ मध्ये तो निसटून अमेरिकेत पोहोचला आणि १८५४ मध्ये त्याचे ‘जेल जर्नल’ प्रसिद्ध झाले. अशा कैद्याचा चरित्रकार साधनसंपन्न असतो. त्याच्यापुढे कैद्याचा स्वतःचा, सुशिक्षित आणि सावध असा शब्द असतो. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथामुळे बंदिवासाच्या अशा आत्मनिवेदनाचा प्रकार मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. परंतु कापडाचा तुकडा, डुक्कर किंवा मेंढी चोरल्याबद्दल हद्दपार झालेल्या सामान्य कैद्याच्या वाट्याला हे भाग्य सहसा आले नाही.

या दोन वर्गांच्या सीमेवर उभा असलेला एक कैदी म्हणजे ‘फ्रँक द पोएट’ या नावाने प्रसिद्ध असलेला फ्रॅन्सिस मॅकनमारा. अपराध सामान्य, शिक्षा सामान्य, परंतु हा माणूस कविता रचीत होता, आणि त्याच्या काही कविता टिकून राहिल्या आहेत. त्यामुळे त्याच्या बाबतीत दोन प्रकारची साधने एकमेकांसमोर उभी राहतात : एकीकडे राज्ययंत्रणेच्या नोंदी, दुसरीकडे त्याची पद्ये. पहिल्यांतून घटना घ्याव्यात, दुसऱ्यांतून भावना घ्याव्यात आणि दोहोंची मोट बांधून चरित्र सिद्ध करावे, असा मोह येथे स्वाभाविकपणे होतो. ही पद्धती सदोष आहे. नोंद ही आरशासारखी निर्विकार नसते आणि कविता ही प्रतिज्ञालेखासारखी साक्ष नसते; दोन्ही आपापल्या प्रकाराच्या नियमांनी बांधलेल्या भाषिक रचना आहेत. त्यांचे व्याकरण प्रथम तपासल्यावाचून त्यांतून जीवन काढू पाहणे म्हणजे पाया न पाहता भिंत चढविणे होय.

२

प्रथम नोंदींचा विचार करणे योग्य होईल.

आयरिश कैद्याचा माग आयर्लंडमध्ये काढू पाहणाऱ्याला एका मोठ्या आपत्तीची दखल घ्यावी लागते. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या प्रारंभी, डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’ या इमारतसमूहातील सरकारी दप्तरखाना आगीत नष्ट झाला. हद्दपारीच्या १८३६ पूर्वीच्या नोंदवह्या त्यात गेल्या. १८३६ नंतरच्या नोंदवह्या, आणि कैद्यांनी अथवा त्यांच्या नातलगांनी दयेसाठी केलेले विनंतीअर्ज, मात्र वाचले. १९८८ साली ऑस्ट्रेलियातील वसाहतीला दोनशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा आयर्लंडच्या सरकारने या उरलेल्या कागदांच्या प्रती आणि त्यांची सूची त्या देशाला भेट दिली. पुढील काळातील संशोधन या सूचीवर मोठ्या प्रमाणात आधारलेले आहे. मॅकनमाराची शिक्षा १८३२ मधील आहे. अर्थात तो नष्ट झालेल्या भागात पडतो. त्याच्या खटल्याविषयी जे कळते ते वृत्तपत्रांतून आणि समुद्रापलीकडच्या वसाहतीत तयार झालेल्या कागदांतून कळते. स्वदेशातील दप्तर जळाले आणि निर्वासनभूमीतील दप्तर राहिले, ही गोष्ट केवळ योगायोगाची असली तरी तिचा परिणाम दूरगामी आहे : या माणसाचे कागदोपत्री आयुष्य जवळजवळ त्याच्या हद्दपारीपासूनच सुरू होते.

उपलब्ध नोंदींतून मिळणारी रूपरेषा अशी आहे. मॅकनमाराचा जन्म १८१० च्या सुमारास आयर्लंडमध्ये झाला. १८३२ च्या जानेवारीत किल्केनी येथे, दुकानाची खिडकी फोडून कापडाचा एक तुकडा चोरल्याबद्दल त्याला सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. शिक्षा ऐकताच त्याने तेथल्या तेथे एक पद्य रचून म्हटल्याचे वृत्त स्थानिक वृत्तपत्राने दिले. ‘एलायझा’ या जहाजाने तो त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सिडनीला पोहोचला. पुढील काळात तो काही वर्षे ‘ऑस्ट्रेलियन अॅग्रिकल्चरल कंपनी’च्या ताब्यात मजूर म्हणून होता. त्याला एकंदर चौदा वेळा मिळून ६५० फटके मारण्यात आले. बेड्यांतील टोळी, एकान्त कोठडी आणि पायचक्की याही शिक्षा त्याने भोगल्या. १८४२ मध्ये पळून गेला असता तो सशस्त्र साथीदारांसह पकडला गेला आणि त्याची रवानगी व्हॅन डीमेन्स लँडमधील पोर्ट आर्थर येथे झाली. १८४९ पर्यंत तो मोकळा झाला. १८६१ च्या ऑगस्टमध्ये न्यू साउथ वेल्समधील मजी या गावी त्याचा मृत्यू झाला.

ही रूपरेषा वाचताच मनात एक प्रतिमा तयार होते : दुर्दम्य, वारंवार अपराध करणारा, शिक्षेला न बधणारा बंडखोर. ही प्रतिमा कितपत खरी आहे हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवून, ती कशामुळे तयार होते हे पाहिले पाहिजे. कैद्याची वर्तननोंद हा शिक्षेचा जमाखर्च असतो. ज्या दिवशी कैदी निमूटपणे मेंढ्या राखतो, सोबत्याशी गप्पा मारतो, आजारी सहकाऱ्याला पाणी देतो अथवा संध्याकाळी शेकोटीभोवती कविता म्हणतो, त्या दिवसासाठी वहीत रकानाच नसतो. वही बोलते ती फक्त अपराधाच्या दिवशी. सात वर्षांचे अडीच हजारांहून अधिक दिवस. त्यांतील फार थोडे वहीत शिरतात, आणि जे शिरतात ते सर्व एकाच प्रकारचे असतात. अशा वहीतून काढलेले चरित्र अपराधांची मालिका ठरले तर तो माणसाच्या स्वभावापेक्षा वहीच्या रचनेचा परिणाम अधिक होय.

नोंदींची वाक्यरचनाही अशीच बोलकी आहे. तीत क्रियापद बहुधा गळालेले असते. अपराधाचे नाम आणि शिक्षेची संख्या एवढेच उरते : गैरहजर, पन्नास फटके. उद्धटपणा, इतके दिवस बेड्या. फटके कोणी मारले याचा उल्लेख अनावश्यक मानला जातो. कर्ता लुप्त असतो. उद्धटपणा म्हणजे नेमके कोणते शब्द, हे नोंदीत येत नाही. ज्याच्या बोलण्यासाठी त्याला शिक्षा झाली त्याचे बोलणेच नोंदीने वगळलेले असते. एखाद्या कवीच्या चरित्रसाधनाचा याहून मोठा उपरोध कल्पिता येत नाही.

आणखी एक गोष्ट नामकरणाची. वसाहतीच्या कागदांत कैद्याची ओळख केवळ नावाने होत नसे. मॅकनमारा हे नाव आयर्लंडमध्ये विरळ नाही, आणि ते लिहिण्याच्या पद्धतीही अनेक होत्या. तेव्हा ज्या जहाजाने कैदी आला त्याचे नाव त्याच्या नावापुढे लिहिण्याचा प्रघात होता. आपल्याकडे ‘कर’ हा प्रत्यय गावाला लागून आडनाव सिद्ध होते आणि माणूस कोठला हे सांगते. कैद्याच्या बाबतीत गावाची जागा जहाजाने घेतली : तो टिपरेरीचा की क्लेअरचा हे गौण, तो ‘एलायझा’चा हे मुख्य. माणसाचे मूळ त्याच्या शिक्षेत शोधणारी ही नामपद्धती आहे. संशोधकाला तिचा मोठा उपयोग होतो. समान नावांच्या गर्दीतून एक माणूस वेगळा काढण्याचे तेच सर्वांत विश्वसनीय साधन आहे. परंतु वापरताना तिचा अर्थ विसरता कामा नये.

३

आता कवितांकडे वळता येईल. मॅकनमाराच्या पद्यांच्या हस्तलिखित प्रती सिडनीच्या मिचेल ग्रंथालयात आहेत; एक संवादपद्य ‘सिडनी गॅझेट’मध्ये फेब्रुवारी १८४० मध्ये छापले गेले; इतर काही रचना मौखिक परंपरेतून आल्या. १९७९ मध्ये जॉन मेरेडिथ आणि रेक्स व्हॅलन यांनी त्याचे जीवन आणि कविता एका ग्रंथात एकत्र आणल्या. विखुरलेल्या नोंदी आणि विखुरलेली पद्ये एकाच मुखपृष्ठाआड आणण्याचे हे काम मोलाचे आहे. मात्र अशा मांडणीत एक धोका अंगभूत असतो. नोंद आणि कविता शेजारी आल्या की कविता ही नोंदीचे भावपूर्ण स्पष्टीकरण आहे असे वाटू लागते. नोंद म्हणते ‘फटके’, कविता म्हणते ‘वेदना’. नोंद म्हणते ‘पलायन’, कविता म्हणते ‘स्वातंत्र्य’. या समीकरणात कवीच्या ‘मी’वर पूर्ण विश्वास गृहीत धरलेला असतो.

प्रत्यक्षात मॅकनमाराच्या प्रमुख कवितांत साधा, सरळ ‘मी’ फारसा आढळतच नाही, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

‘अ कन्व्हिक्ट्‌स टूर टु हेल’ ही त्याची सर्वांत दीर्घ आणि सर्वांत प्रसिद्ध कविता २३ ऑक्टोबर १८३९ या तारखेची असून कंपनीच्या स्ट्राउड येथील ठाण्याशी निगडित आहे. आरंभी कवी न्यू साउथ वेल्समधील कैद्यांना उद्देशून बोलतो आणि एका कैद्याची कथा सांगू लागतो. हा कैदी ‘तो’ आहे. त्याचे शौर्य, त्याचा मृत्यू, मृत्यूनंतरचा प्रवास हे सर्व तृतीय पुरुषात सुरू होते. नरकात त्याला मॉर्टन बेचा क्रूर कमांडंट कॅप्टन लोगन दिसतो, न्यू साउथ वेल्सचा शोध लावणारा कॅप्टन कुक दिसतो, सिडनीचा डॉ. वॉर्डेल दिसतो, फटके मारणारे, पहारेकरी, खबरे आणि मुकादम यांचे थवे दिसतात. सैतान त्याला सांगतो की ही जागा मोठ्या लोकांसाठी आहे. गरीब कैद्याला येथे प्रवेश नाही. मग तो स्वर्गाच्या दाराशी जातो. तेथे संत पीटर त्याच्याजवळ दाखला मागतो, आणि दाखला नसेल तर आत ओळखीचे कोण आहे असे विचारतो. कैदी जॅक डोनोहो या रानात राहणाऱ्या दरोडेखोराचे आणि फाशी गेलेल्या इतरांचे नाव घेतो. ख्रिस्ताच्या आज्ञेने दार उघडते. आणि शेवटी, स्तोत्रांचा घोष चालू असतानाच, ‘मी’ जागा होतो.

कवितेचा आरंभ ‘तो’ने आणि शेवट ‘मी’ने व्हावा, यात हयगय आहे असे मानण्याचे कारण नाही. ‘तो’ मेलेला आहे. ‘मी’ जिवंत आहे. ‘तो’ वहीतला कैदी आहे, ज्याच्याविषयी बोलले जाते. ‘मी’ बोलणारा आहे. स्वप्न हे या संक्रमणाचे निमित्त होय. स्वप्नात नायकाला परलोकी न्याय मिळतो. जागा झालेल्या ‘मी’च्या वाट्याला मात्र कंपनीचे ठाणे तसेच राहते. येथे एक हिशेब डोळ्यांपुढे ठेवावा. जानेवारी १८३२ मध्ये दिलेली सात वर्षांची शिक्षा मुळात जानेवारी १८३९ मध्ये संपावयाची होती. कविता ऑक्टोबर १८३९ ची आहे. स्वर्गाच्या दारातही जो दाखला मागितला जातो, तो वसाहतीत शिक्षा संपलेल्या कैद्याला मिळणाऱ्या मुक्ततेच्या दाखल्याची आठवण करून देतो. तो दाखला कवीच्या हाती तेव्हा नव्हता. त्या प्रश्नातील विनोद किती बोचरा आहे, हे नोंदीची तारीख शेजारी ठेवल्याखेरीज कळत नाही. नोंद आणि कविता यांचा खरा संबंध हा असा आहे : नोंद कवितेतील घटना सिद्ध करीत नाही; ती कवितेतील एका शब्दाचे वजन सांगते.

‘फॉर द कंपनी अंडरग्राउंड’ ही रचना याच दृष्टीने वाचण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियन अॅग्रिकल्चरल कंपनी १८२४ मध्ये स्थापन झाली. तिला दहा लक्ष एकर जमिनीचे दान मिळाले होते, आणि न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणीही पुढे तिच्याकडे आल्या. मेंढ्या राखणाऱ्या कैद्याला खाणीत धाडले जाण्याचे भय वास्तव होते. कविता नकाराची आहे, पण ‘मी जाणार नाही’ असे तीत सरळ म्हटलेले नाही. एकामागून एक असंभाव्य गोष्टींची यादी दिली आहे, आणि ज्या दिवशी त्या घडतील त्या दिवशी मॅकनमारा कंपनीसाठी जमिनीखाली काम करील, असे पालुपद आहे. सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा अमुक करीन, ही शपथेची तऱ्हा सर्व लोकवाङ्मयांत आढळते. पण येथे शपथ घेणारा स्वतःला आडनावाने, तृतीय पुरुषात संबोधतो. वहीतील नोंदीचा कर्ताही तोच असतो : मॅकनमाराने असे केले, मॅकनमाराला इतके फटके. तेच आडनाव, तोच पुरुष कवीने उचलला आहे आणि आज्ञेच्या जागी नकार बसविला आहे. ज्या व्याकरणाने त्याला वस्तू केले, तेच व्याकरण त्याने आपल्या बाजूने वापरले.

हीच युक्ती त्याच्या विनंतीअर्जांच्या विडंबनांत दिसते. न्यूकॅसलच्या बेड्यांतील टोळीच्या वतीने एक पद्यमय अर्ज आहे. त्यात कॅप्टन फर्लाँग या अधिकाऱ्याला विनविले आहे की डफी नावाच्या फटके मारणाऱ्याला स्वयंपाकघरातून काढून त्या जागी दुसरा माणूस नेमावा. दुसरा अर्ज तर कंपनीच्या मेंढ्यांनी ‘आयरिश कवी’च्या वतीने केलेला आहे. पहिल्यात बोलणारी टोळी आहे, दुसऱ्यात मेंढ्या. कवी दोन्हीकडे स्वतः बोलत नाही. डब्लिनच्या दप्तरात कैद्यांचे जे खरे अर्ज शिल्लक आहेत त्यांची भाषा ठरावीक नम्रतेची असते : अर्जदार दीन आहे, पश्चात्तप्त आहे, महोदयांच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करीत राहील. या ठरीव साच्यात मॅकनमारा अस्सल गाऱ्हाणे भरतो, आणि साचा हास्यास्पद होतो. म्हणून या रचनांतील डफी आणि स्वयंपाकघर एवढा तपशील कदाचित प्रत्यक्षातला असेल; दैन्याचा सूर मात्र साच्याचा आहे. त्या सुरावरून कवीच्या मनःस्थितीचे अनुमान काढणारा चरित्रकार विडंबनाला निवेदन समजून बसेल.

४

कवितेतला बोलणारा आणि कवी यांची गल्लत किती घातक ठरू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘मॉर्टन बे’ हे लोकगीत. ऑस्ट्रेलियातील हद्दपारीच्या गीतांत याचे स्थान फार वरचे आहे, आणि ते अनेकदा मॅकनमाराच्या नावावर दिले जाते. गीतातील कैदी मॉर्टन बेच्या वसाहतीतील छळ सांगतो आणि कॅप्टन लोगनच्या मृत्यूबद्दल आनंद व्यक्त करतो. लोगन मारला गेला तो १८३० च्या ऑक्टोबरात. मॅकनमारा सिडनीला आला तो १८३२ च्या सप्टेंबरात. लोगनच्या हाताखाली भोगलेल्या यातना त्याच्या स्वतःच्या असणे कालदृष्ट्या अशक्य आहे. यावरून गीत त्याचे नाहीच, असा निष्कर्ष निघत नाही. कवी दुसऱ्याचे दुःख गाऊ शकतो, आणि नरकयात्रेच्या कवितेत लोगन आलेलाच आहे. निष्कर्ष निघतो तो एवढाच की गीतातील अनुभव कवीच्या चरित्रात उतरवून घेता येत नाही.

गीताची रचनाही हेच सांगते. त्याच्या प्रचलित पाठात नदीकाठी फिरणारा एक निवेदक एका कैद्याचा विलाप ऐकतो आणि तो ऐकवितो. म्हणजे दोन ‘मी’ आहेत : ऐकणारा आणि सोसणारा. गाणारा माणूस पहिल्या ‘मी’च्या जागी उभा असतो, म्हणून ते गीत कोणीही गाऊ शकतो. त्याचा प्रसार यामुळेच झाला असावा. १८७९ मध्ये, आयरिश कैद्याचा मुलगा असलेल्या नेड केलीने जे जेरिल्डरी पत्र सांगून लिहविले, त्यात दंडवसाहतींच्या नावांची एक साखळी येते. तिच्यात या गीताचा प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू येतो. केलीचा जन्म लोगनच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने झाला. त्या दंडवसाहती त्याने भोगलेल्या नव्हत्या. गीताचा ‘मी’ तोवर एका समाजाचा ‘आम्ही’ झाला होता.

मराठी पाठचिकित्सेला हा प्रश्न नवा नाही. ‘नामा म्हणे’ या मुद्रेखाली एकाहून अधिक कवींचे अभंग एकत्र झाले आणि विष्णुदास नाम्याची रचना नामदेवांच्या गाथेत मिसळली. ‘तुका म्हणे’ ही मुद्रा असलेला प्रत्येक अभंग तुकोबांचा असे कोणी जाणता संपादक मानीत नाही. नाममुद्रा ही कर्तृत्वाची खूण असते, तशीच ती परंपरेने चालविलेले नाणेही असते. मॅकनमाराच्या नावावरही स्वतःची ओळख करून देणारे एक लहानसे पद्य प्रसिद्ध आहे. त्यात तो स्वतःला टिपरेरी परगण्यातील कॅशेलचा रहिवासी म्हणवितो आणि जुलमी सत्तेशी वैराची प्रतिज्ञा करतो. नोंदींत त्याच्या जन्मस्थानाविषयी एकवाक्यता नाही. खटला किल्केनीचा आहे. मॅकनमारा हे कुलनाम मूळचे क्लेअरकडचे. अशा वेळी पद्यातील कॅशेल प्रमाण मानावे काय? ओळख करून देणारे पद्य हे गायकाचे प्रवेशपद असते. त्यात गावाचे नाव जन्मनोंदीसाठी येत नाही. ते नादासाठी, प्रतिष्ठेसाठी आणि श्रोत्यांच्या ओळखीसाठी येते. जुन्या मन्स्टर राजांचे पीठ असलेले कॅशेल ‘एलायझा’ या जहाजापेक्षा निश्चितच मानाचे. तेव्हा कॅशेल हे जन्मस्थान म्हणून संशयास्पद राहिले तरी एका निवडीचा पुरावा म्हणून ते भक्कम आहे : सरकारने ज्याला जहाजाचे नाव जोडले, त्याच्या नावाला या पद्याने गावाचे नाव जोडले.

५

मॅकनमाराविषयीच्या विवेचनात दोन प्रवृत्ती आढळतात. एक प्रवृत्ती चरित्राची. ती नोंदी आणि कविता यांच्यामधील प्रत्येक फट कल्पनेने बुजवू पाहते. दुसरी लोकमानसाची, रसेल वॉर्डच्या १९५८ मधील ‘दि ऑस्ट्रेलियन लेजंड’ या ग्रंथापासून कैद्यांच्या गीतांकडे राष्ट्रीय स्वभावाचा पुरावा म्हणून पाहण्याची दृष्टी रूढ झाली. या दृष्टीने गीतांना प्रतिष्ठा दिली, हे तिचे श्रेय आहे. परंतु तिच्यात व्यक्ती विरघळून जाते. ६५० फटके एका पाठीवर पडले होते, राष्ट्रीय स्वभावावर नव्हे. पहिल्या प्रवृत्तीने माणसाला हवे त्याहून अधिक दिले, दुसरीने होते तेही काढून घेतले.

या दोहोंच्या मधून जाणारा मार्ग अधिक कष्टाचा आहे, पण तो आहे. नोंद वाचताना ती कोणत्या रकान्यांत बोलते आणि कोणत्या गोष्टींना रकाना देत नाही, हे आधी ठरवावे. कविता वाचताना बोलणारा कोण आणि कोणत्या प्रकाराच्या साच्यातून बोलतो, हे आधी ठरवावे. मग दोहोंची तुलना घटनांच्या पातळीवर न करता शब्दांच्या पातळीवर करावी : दाखला, अर्ज, कंपनी, आडनाव. असे केल्यास हाती येणारे चरित्र लहान असेल. त्यात बालपण नसेल, प्रेम नसेल, मजी येथील शेवटच्या वर्षांतील एकटेपणाची वर्णने नसतील. पण त्यात एक गोष्ट निर्विवादपणे असेल. किल्केनीच्या न्यायालयात शिक्षा ऐकून पद्य म्हणणाऱ्या तरुणापासून स्ट्राउडच्या ठाण्यावर नरकाची सफर रचणाऱ्या कैद्यापर्यंत हा माणूस सत्तेचीच भाषा घेऊन तिला आपल्या बाजूने बोलावयास लावीत राहिला. निकाल, अर्ज, दाखला आणि नोंद हे शासनाचे चार प्रकार. चारहींना त्याने पद्यात उत्तर दिले.

एवढा निष्कर्ष अपुरा वाटण्याचा संभव आहे. मराठी वाचक हद्दपारीला ‘काळे पाणी’ म्हणतो. या शब्दात ज्याच्या पलीकडून माणूस परतत नाही अशा समुद्राची भीती आहे. इंग्रजी कायद्याच्या शब्दात मात्र केवळ वाहतुकीचा अर्थ आहे, जणू माणूस हा माल होय. एका शब्दात भोगणाऱ्याची बाजू आहे, दुसऱ्यात पाठविणाऱ्याची. हद्दपार माणसाच्या चरित्रकाराला पाठविणाऱ्याच्याच कागदांवर विसंबावे लागते. त्यातून सुटका नाही. परंतु त्या कागदांचा शब्द अंतिम मानावयाचा की नाही, हे त्याच्या हाती आहे. मॅकनमाराने तो अंतिम मानला नाही. त्याच्या अभ्यासकाने त्याच्या कवितेतील प्रत्येक ओळ सत्य मानण्याची गरज नाही. त्याच्या नावापुढे वहीत जे लिहिले आहे ते एका पक्षाचे म्हणणे आहे, एवढे स्मरणात ठेवले तरी या माणसाला पुष्कळ न्याय दिल्यासारखे होईल.